भुकेची रेघ कुठे ओढायची? – डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचे जीवन व कार्य



आपल्या मोलगी परिसरातल्या कुठल्याही अंगणवाडीत वजनाच्या दिवशी एकदा जाऊन बसा. ताई एकेका बाळाला काट्यावर ठेवते, उंची मोजते, दंडाला रंगीत पट्टी गुंडाळते. पट्टीवर तीन रंग असतात, हिरवा, पिवळा आणि लाल. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलाचा दंडघेर १२.५ सेंटीमीटर किंवा त्याहून जास्त भरला तर हिरवा. ११.५ ते १२.५ च्या मध्ये असेल तर पिवळा, म्हणजे मध्यम कुपोषित. ११.५ च्या खाली गेला की लाल, म्हणजे तीव्र कुपोषित.

आता समजा एका बाळाचा दंडघेर ११.६ भरला आणि शेजारच्या बाळाचा ११.४. फरक फक्त दोन मिलिमीटरचा. पट्टी जरा सैल धरली की एवढा फरक सहज पडतो. पण एक नाव पिवळ्या यादीत जाते, दुसरे लाल यादीत. लाल यादीतल्या बाळाची वेगळी तपासणी होते, गरज पडली तर त्याला पोषण पुनर्वसन केंद्रात पाठवतात. पिवळ्या यादीतले बाळ घरी जाते.

ही रेघ कुठे ओढायची आणि ती ओढताना कोण चुकून बाहेर राहते, हा प्रश्न ज्यांनी आयुष्यभर सोडला नाही असे एक मराठी संख्याशास्त्रज्ञ होऊन गेले. त्यांचे नाव डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे. आपल्या मुलांना शास्त्रज्ञ म्हटले की दुर्बीण नाहीतर परीक्षानळी आठवते. संख्या हाती घेऊन भुकेच्या मागे लागलेला शास्त्रज्ञही त्यांना माहीत असायला हवा, नाही का? म्हणून हा लेख.

बुधचा मुलगा लंडनला जातो

सुखात्म्यांचा जन्म २७ जुलै १९११ रोजी सातारा जिल्ह्यातल्या बुध या गावी झाला. बुध हे खटाव तालुक्यातले गाव. हा कमी पावसाचा दुष्काळी भाग. पीक आले तर आले, नाही तर वर्षभर हाल. पुढे ज्या माणसाने पिकाच्या अंदाजाचे शास्त्र उभे केले, तो अशा मुलखातून आला होता हे लक्षात ठेवा.

१९३२ मध्ये पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून गणित हा मुख्य विषय घेऊन ते पदवीधर झाले. १९३३ मध्ये ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये दाखल झाले. संख्याशास्त्राच्या दृष्टीने तो फार मोठा काळ होता. कार्ल पिअर्सन नुकतेच निवृत्त झाले होते. त्यांच्या विभागाचे दोन भाग होऊन एक मुलगा एगॉन पिअर्सन यांच्याकडे आणि दुसरा रोनाल्ड फिशर यांच्याकडे गेला होता. पुढे येर्झी नेमन हेही तिथे आले. या मंडळींचे आपसात मुळीच पटत नसे. एकाच इमारतीत दोन तट होते म्हणा ना! सुखात्मे मात्र दोन्हीकडून शिकले. नेमन यांच्या नमुना निवडीच्या पद्धतीवर १९३५ मध्ये त्यांचा निबंध आला आणि फिशर यांच्या कसोटीसाठी लागणारी कोष्टकेही त्यांनी तयार केली. १९३६ मध्ये त्यांना पीएच.डी. आणि १९३९ मध्ये डी.एस्सी. मिळाली.

नमुना निवड म्हणजे काय, हे वर्गात सोप्या रीतीने सांगता येते. सगळ्या शाळेची सरासरी उंची काढायची आहे, पण सगळ्यांना मोजायला वेळ नाही. मग पहिली ते आठवी प्रत्येक वर्गातून चिठ्ठ्या टाकून थोडी थोडी मुले निवडायची. नुसती समोर दिसतील ती मुले घेतली तर अंदाज फसतो. वर्गवार निवडली तर थोड्या मुलांवरूनही शाळेचा अंदाज बरा येतो. प्रत्येक वर्गातून किती मुले घ्यायची, हा सुखात्म्यांच्या त्या निबंधातला प्रश्न होता.

पीक मोजायचे कसे?

भारतात परतल्यावर काही काळ ते कलकत्त्याच्या अखिल भारतीय स्वच्छताविज्ञान व सार्वजनिक आरोग्य संस्थेत संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते. १९४० मध्ये ते दिल्लीला कृषी संशोधन परिषदेत गेले. त्यांनी तिथे वाढवलेला सांख्यिकी विभाग म्हणजेच आजच्या भारतीय कृषी सांख्यिकी संशोधन संस्थेचे मूळ.

त्या काळी पिकाचा अंदाज डोळ्यांनी होई. गावकामगार शेताकडे बघून एवढे आणे पीक असे सांगायचा. १९४३ मध्ये बंगालमध्ये भयंकर दुष्काळ पडला आणि लाखो माणसे भुकेने मेली. देशात धान्य किती आहे याचा भरवशाचा आकडा नसणे किती महागात पडते, ते त्या काळाने दाखवले.

सुखात्म्यांनी पीक कापणी प्रयोगाची पद्धत बसवली. गावे चिठ्ठी टाकल्यासारखी निवडायची, त्या गावांतली शेते तशीच निवडायची, शेतात ठरावीक मापाचा तुकडा आखायचा, त्यातले पीक कापायचे, मळायचे आणि वजन करायचे. आजही आपल्या गावात कृषी सहाय्यक किंवा तलाठी दोऱ्या बांधून पीक कापणी प्रयोग करतात आणि त्यावर पीक विम्याचा निर्णय होतो. त्यामागे हेच शास्त्र आहे.

इथे त्यांचा एक मोठा वाद झाला, तोही प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्याशी, म्हणजे ज्यांच्या जयंतीला, २९ जूनला, आपण राष्ट्रीय सांख्यिकी दिन पाळतो त्यांच्याशी. महालनोबिस अगदी लहान तुकडे कापायचे. सुखात्म्यांचे म्हणणे होते की तुकडा फार लहान असला तर उत्पन्न फुगून दिसते. का? कारण कडेवरचे रोप आत धरायचे की बाहेर, याचा निर्णय घेताना माणूस नकळत ते आत धरतो.

हे गणित सहावीचे मूलही करू शकते. १ मीटर बाजूच्या चौरसाची परिमिती ४ मीटर आणि क्षेत्रफळ १ चौरस मीटर. ५ मीटर बाजूच्या चौरसाची परिमिती २० मीटर आणि क्षेत्रफळ २५ चौरस मीटर. म्हणजे लहान तुकड्यात दर चौरस मीटरमागे ४ मीटर कड येते, मोठ्यात फक्त ०.८ मीटर. चूक कडेवर होते, आणि लहान तुकड्यात कडच जास्त!

बघा, दंडाच्या पट्टीचा प्रश्नही हाच आहे. चूक मधल्या बाळांबाबत होत नाही, ती रेघेजवळच्या बाळांबाबत होते.

रोममधली वर्षे

१९५१ मध्ये सुखात्मे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत, म्हणजे एफएओमध्ये, रोमला गेले. सुमारे १९ वर्षे त्यांनी तिथला सांख्यिकी विभाग सांभाळला. नमुना पाहणीवरचा त्यांचा ग्रंथ १९५४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि पुढे अनेक देशांत अभ्यासला गेला.

त्या काळी जगातली दोन तृतीयांश माणसे भुकेली आहेत असे सर्रास सांगितले जाई. हा आकडा आला कुठून? देशाचे एकूण धान्य भागिले लोकसंख्या, असे करून देशाची सरासरी काढायची आणि ती गरजेपेक्षा कमी असेल तर अख्खा देश भुकेला धरायचा. सुखात्म्यांना हे पटेना. सरासरीत सगळेच लपते. वर्गाची सरासरी ५० गुण असली म्हणून प्रत्येकाला ५० पडतात का? कुणाला ९० असतात, कुणाला १०.

त्यांनी घरोघरच्या आहार पाहण्यांतून माणसामाणसांतला फरक विचारात घेतला आणि रेघेच्या खाली किती लोक असू शकतात याचा हिशोब मांडला. १९६१ मध्ये रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढे हा निबंध आला. जगात १० ते १५ टक्के लोक अर्धपोटी आहेत आणि भूक व निकस आहार दोन्ही धरले तर जवळजवळ निम्म्यांपर्यंत लोक त्यात येतात, असा तो अंदाज होता. इथे त्यांनी दोन गोष्टी वेगळ्या केल्या. पोट न भरणे ही एक, आणि पोट भरूनही आहार निकस असणे ही दुसरी. भुकेला आणि न भुकेला असे दोनच कप्पे त्यांनी ठेवले नाहीत.

१९६३ मध्ये त्यांना त्या सोसायटीचे गाय रौप्यपदक मिळाले. आजही एफएओ दरवर्षी जगातल्या अर्धपोटी लोकांचा जो आकडा देते, त्याच्या पद्धतीचे मूळ सुखात्म्यांच्या या कामात आहे.

प्रथिने कमी की अन्नच कमी?

१९६० च्या दशकात जगभर एकच ओरड होती, गरीब देशांत प्रथिनांची कमतरता आहे, त्यांना प्रथिनांची भुकटी द्या. सुखात्म्यांनी भारतातल्या आहाराचे आकडे तपासले आणि वेगळेच काढले. आपली डाळ-भाकरी पोटभर मिळाली तर बहुतेकांची प्रथिनांची गरज तीच भागवते. अन्नच कमी पडले की शरीर प्रथिनेही इंधन म्हणून जाळून टाकते. म्हणजे चूल पेटवायला लाकूड नाही म्हणून घराचे वासे जाळण्यासारखे झाले. तेव्हा आधी पोटभर अन्न द्या, हे त्यांचे सांगणे. हे मत पुढे बऱ्याच तज्ज्ञांनी मान्य केले.

तान्ह्या मुलांचे थोडे वेगळे असते, हे पालकांनी ध्यानात घ्यावे. त्यांचे पोट लहान, एका वेळी फार मावत नाही. म्हणून थोडे थोडे, पण दिवसातून पुष्कळ वेळा भरवायचे आणि घासात तेल-तूप, शेंगदाण्याचा कूट घालायचा.

पुण्यात परत, आणि मोठा वाद

निवृत्तीनंतर सुखात्मे पुण्यात आले आणि महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी या संस्थेत काम करू लागले. १९७१ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. त्याच साली पुण्याच्याच वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांचे दारिद्र्यावरचे गाजलेले काम पुस्तकरूपाने आले. त्यांनी माणशी रोज २२५० कॅलरी ही रेघ धरली होती. तेवढे अन्न घेण्याइतका खर्च ज्याला करता येत नाही तो गरीब.

सुखात्म्यांनी या रेघेवरच बोट ठेवले. त्यांचे म्हणणे असे होते की एकाच माणसाची गरज रोज सारखी नसते. शरीर थोड्या कमी-जास्त अन्नात स्वतःला सांभाळून घेते. सरासरी गरजेवर रेघ ओढली तर धडधाकट माणसांपैकीही बरेच जण त्या रेघेखाली दिसतील, कारण सरासरी म्हटली की काही वर आणि काही खाली असणारच. म्हणून रेघ सरासरीच्या बरीच खाली, म्हणजे सरासरीतून प्रमाण विचलनाची दुप्पट वजा करून ओढावी.

रेघ खाली आली की भुकेल्यांचा आकडाही खाली येतो. इथेच वाद पेटला. दांडेकरांनी लेख लिहून विरोध केला. पोषणतज्ज्ञ डॉ. सी. गोपालन यांनीही विरोध केला. विरोधकांचा मुद्दा साधा आणि गंभीर होता. शरीर सांभाळून घेते म्हणता, पण कशाच्या मोबदल्यात? मूल वाढायचे थांबते, माणूस काम कमी करतो, आजाराला लवकर बळी पडतो. त्याला सांभाळून घेणे म्हणायचे की सोसणे? डेव्हिड सेकलर या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने तर गरिबांची मुले चणीने लहान असली तरी निरोगी असू शकतात, असा सिद्धान्त मांडला होता. सरकारला हात झटकायला ही आयतीच सबब मिळेल, अशी भीती अनेकांना वाटली.

या वादात सुखात्मे सगळे बरोबर होते असे म्हणता येत नाही. वाढत्या मुलांच्या बाबतीत विरोधकांचे म्हणणे जड भरते. उंची खुंटणे हे पुढच्या आयुष्यासाठी चांगले नाही, हे आज सर्वमान्य आहे. पण त्यांनी लावून धरलेली एक गोष्ट मात्र पक्की टिकली. नुसते अन्न ओतून भागत नाही. पाणी दूषित असेल आणि मुलाला वारंवार जुलाब होत असतील तर खाल्लेले अंगी लागत नाही. म्हणून शुद्ध पाणी आणि स्वच्छता हाही पोषणाचाच भाग आहे, असा आग्रह त्यांनी उतारवयात सतत धरला. पावसाळ्यात पाड्यावरच्या झऱ्याचे गढूळ पाणी पाहिलेल्या माणसाला हे वेगळे पटवून द्यावे लागत नाही.

२८ जानेवारी १९९७ रोजी वयाच्या ८५ व्या वर्षी सुखात्म्यांचे निधन झाले. तेव्हा नंदुरबार जिल्हाही झालेला नव्हता. मोलगी धुळे जिल्ह्यात होती. पुढे त्यांच्या नावाने केंद्र सरकारने संख्याशास्त्रज्ञांसाठी राष्ट्रीय पुरस्कार सुरू केला.

रेघ बदलली की बाळ बदलते का?

आता आपल्या अंगणवाडीत परत येऊ. १९५६ मध्ये मेक्सिकोचे डॉ. गोमेझ यांनी वयानुसार वजनाच्या टक्केवारीवर कुपोषणाच्या तीन श्रेणी केल्या. आपल्याकडे १९७२ पासून बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या चार श्रेणी आल्या. जुन्या ताईंना ग्रेड तीन, ग्रेड चार हे शब्द आठवत असतील. पुढे जागतिक आरोग्य संघटनेची २००६ ची मानके आली आणि अंगणवाडीतले तक्ते बदलले. बाळ तेच, वजन तेच, पण कालच्या तक्त्यात एका श्रेणीत असलेले बाळ आजच्या तक्त्यात दुसऱ्या श्रेणीत! म्हणून दोन काळांचे आकडे शेजारी ठेवताना आधी विचारावे, रेघ तीच होती का?

आजचे संख्याशास्त्र याच्या एक पाऊल पुढे गेले आहे. मूल दवाखान्यात दाखल झाले की पुढे त्याचे काय होईल, याचा अंदाज देणारी गणिती मॉडेल्स तयार करतात. सुखात्म्यांनी स्वतः अशी मॉडेल्स केली नाहीत, पण त्यांनी शिकवलेली सावधगिरी इथे पावलोपावली लागते.

आधी निकालाचे कप्पे ठरवायचे. तीव्र कुपोषित मुलावर उपचार केल्यावर साधारण चार गोष्टी होऊ शकतात. मूल बरे होते, उपचार अर्धवट सोडून जाते, राहूनही सुधारत नाही, किंवा दगावते. मग दाखल होतानाची माहिती घ्यायची. वय, वजन, उंची, दंडघेर, पायावर सूज, ताप, जुलाब, घर किती लांब वगैरे. मागच्या मुलांच्या नोंदींवरून कोणती गोष्ट मुलाला कोणत्या कप्प्याकडे ढकलते ते शोधायचे. शेवटी नव्या मुलासाठी प्रत्येक कप्प्याची शक्यता काढायची. समजा ७० टक्के बरे होईल, २० टक्के सोडून जाईल, ७ टक्के सुधारणार नाही, ३ टक्के दगावेल. बेरीज १०० झालीच पाहिजे.

इथे तीन ठिकाणी घसरायला होते.

पहिले, कप्पे एकत्र करणे. बरे झाले आणि बरे नाही झाले, असे दोनच कप्पे केले तर सोडून गेलेले मूल आणि दगावलेले मूल एकाच ढिगात पडते. आपल्याकडे दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत जातात आणि होळीला परततात. मुकादम गाडी घेऊन आला की आई मुलाला घेऊन निघते. तिला औषध कमी पडलेले नाही, तिची मजुरी बुडते आहे. तिच्यासाठी उपाय वेगळा, अत्यवस्थ मुलासाठी वेगळा. कप्पा एकच केला तर दोन्ही उपाय हुकतात.

दुसरे, क्रम आहे की नाही हे न पाहणे. साधारण, मध्यम, तीव्र ही शिडी आहे. तिथे एकाच मोजपट्टीवर दोन रेघा ओढून मॉडेल करता येते. पण सोडून जाणे आणि न सुधारणे यांत वरची पायरी कोणती? क्रमच नाही. तिथे एक कप्पा पाया धरून बाकीच्यांची त्याच्याशी वेगवेगळी तुलना करावी लागते.

तिसरे, नुसत्या टक्केवारीला भुलणे. समजा १०० मुलांतली ९० बरी होतात. एखाद्या मॉडेलने डोळे झाकून सगळी बरी होणार असे सांगितले तरी ते ९० टक्के बरोबर! पण ज्या १० मुलांसाठी मॉडेल हवे होते, त्यातले एकही त्याला सापडले नाही. म्हणून प्रत्येक कप्प्यात किती ओळखले ते वेगवेगळे तपासायचे, आणि तेही ज्या नोंदींवरून मॉडेल शिकले त्या सोडून दुसऱ्या मुलांवर.

वर्गात काय घेता येईल?

१. आपल्याकडे आमचूर वाळवतात आणि तिच्या रंगावरून भाव ठरतो. मुलांना कैरीच्या वाळलेल्या २० फोडी द्या आणि दोन गटांकडून स्वतंत्रपणे उजळ, मध्यम, काळपट असे तीन ढीग करून घ्या. दोन्ही गटांचे ढीग ताडून पाहा. कोणत्या फोडींवर मतभेद झाला? बहुधा मधल्याच! रेघेजवळची चूक त्यांना हाताने कळेल.

२. एकाच मुलाचा दंडघेर पाच जणांना मोजायला सांगा आणि पाचही आकडे फळ्यावर लिहा. फरक किती आला?

३. वरचे चौरसाचे गणित २, ३ आणि ४ मीटर बाजूसाठी करून घ्या.

पालकांना एवढेच सांगणे आहे. आपल्या बाळाचे नाव पिवळ्या यादीत आले म्हणून निर्धास्त होऊ नका आणि लाल यादीत आले म्हणून हाय खाऊ नका. महिन्याच्या महिन्याला वजन करून घ्या आणि रेघ वर चाललीय की खाली, ते ताईला विचारा. आणि शिक्षकांनो, तुमच्या वर्गातले मूल ३४ गुणांवर नापास आणि ३५ वर पास होते, तेव्हाही हाच प्रश्न असतो बरं का. त्या एका गुणाच्या रेघेजवळ उभ्या असलेल्या मुलाकडे आधी बघायला हवे.